अनाउन्स झालं म्हणजे आलं असं नसतं

२४ सेंटिमीटरचं एक मॉडेल रेल्वे इंजिन माझ्या घरी यायला दोन वर्षं आणि दोन महिने लागले. एवढ्यात आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट दोनदा ठरून दोनदा फिसकटलं. बरेच जण विचारतात की बाहेरचं नवीन मॉडेल मागवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, तर एकदाच सगळं लिहून टाकतो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

ऑक्टोबर २०२३, रात्री पावणेबारा. अमेरिकेतल्या एका मॉडेल कंपनीचा मेल आला, एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, अल्को कंपनीचं सी-६२८ डिझेल इंजिन, नवीन टूलिंग, म्हणजे नवे साचे. मी उठून बसलो तर बायको म्हणाली कोण गेलं? म्हणलं कोणी नाही गं, सी-६२८ येतंय. ती कूस बदलून झोपली.

आता अल्कोच का, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. माझं लहानपण कल्याणला, डिझेल शेडच्या आवाजात गेलं. रात्री शेडमध्ये डब्ल्यूडीएम-२, म्हणजे आपल्या रेल्वेचं डिझेल इंजिन, आयडलला (जागेवर चालू) उभी असायची, तिची ती धग-धग-धग ऐकत झोप लागायची, आणि एखादं इंजिन नॉच (जोर वाढवायच्या हँडलचा टप्पा) घेऊन निघालं की खिडकीच्या काचा वाजायच्या. आमच्या शेजारचे नाना शेडला फिटर. त्यांच्याकडून कळलं की हे आपलं डिझेल मुळात अमेरिकेतलं, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावच्या अल्को कंपनीचं. १९६२ ला पहिली इंजिनं तिकडून जहाजाने आली, मग १९६४ पासून वाराणसीच्या डीएलडब्ल्यूमध्ये (डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स) बनायला लागली. आतलं डिझेल इंजिन १६ सिलिंडरचं, अल्को २५१ बी, २६०० हॉर्सपॉवर. आणि गंमत बघा, अल्कोने स्वतः १९६९ ला दुकान बंद केलं, पण आपण मात्र १९९८ पर्यंत डब्ल्यूडीएम-२ बनवत होतो, आणि त्याच इंजिनच्या पुढच्या आवृत्त्या त्यानंतरही.

तर मला पाहिजे असते खरं म्हणजे डब्ल्यूडीएम-२. पण ती एचओमध्ये, कारखान्यातून तयार होऊन डब्यात बसून आलेली, हव्या त्या क्वालिटीत मला तरी मिळाली नाही. आपल्याकडे हौशी लोक थ्रीडी प्रिंट करून बनवतात, काही फार सुंदर असतात, पण चालण्याच्या बाबतीत नशिबाचा भाग. शिवाय एक गणिताची गोची आहे. एचओ म्हणजे १:८७, दोन रुळांतलं अंतर म्हणजे गेज १६.५ मिलिमीटर, ते जगातल्या स्टँडर्ड गेजसाठी. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागलं की १९ च्या वर जातं. म्हणजे भारतीय इंजिन एचओच्या रुळावर ठेवलं की अंगाने जाड आणि पायाने बारीक दिसतं, लग्नात उसना बूट घातलेल्या मामासारखं. म्हणून मी खूप आधीच ठरवलं की आपल्या डिझेलची अमेरिकेतली भावंडं जमवायची, ती त्यांच्या रुळावर बरोबर दिसतात.

सी-६२८ हे त्यातलं मोठं भावंड. १९६३ ते ६८ मधलं, २७५० हॉर्सपॉवर, तेच २५१ इंजिन, फक्त बी च्या जागी सी. चेहरा आपल्यासारखा अजिबात नाही, पुढचं नाक बुटकं, ड्रायव्हरला बघायला कॅबसमोर मोकळं. पण खाली वाकून बघा, बोगी तीच. बोगी म्हणजे इथे डबा नाही, इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा. तीन धुऱ्यांची ट्रायमाउंट बोगी, तिच्या तिन्ही धुऱ्यांमधलं अंतर सारखं नसतं, एक गाळा मोठा आणि एक लहान. फोटोत कुठलंही अल्को दिसलं की आधी मी बोगीच बघतो. हे पुढे कामाला येणार आहे.

हे वेड मॉडेलवर कधी आलं म्हणाल तर पुण्याला, कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये. १९९८ ला ते सुरू झालं, त्यानंतर एक-दोन वर्षांत मी कॉलेजच्या मित्राबरोबर गेलेलो. मित्र दहा मिनिटांत बाहेर जाऊन वडापाव खात बसला, मी दोन शो बघितले.

असो, परत मेलवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अनाउन्समेंट म्हणजे इंजिन तयार आहे असं नाही. बरेचदा त्या दिवशी फक्त एक चित्र असतं आणि एक यादी. कुठल्या कुठल्या रेल्वेच्या रंगात येणार, प्रत्येक रंगात तीन-चार नंबर, साउंडवालं हवं की बिनासाउंडचं, किंमत, आणि एक तारीख ज्याच्या आत तुम्ही ऑर्डर नोंदवायची. ती तारीख गेली की कंपनी आकडे मोजते आणि चीनमधल्या कारखान्याला तेवढ्याच हिशोबाने ऑर्डर देते, थोडी जास्तीची दुकानांसाठी. नंतर मिळेल की, असं म्हणणारे नंतर सेकंडहँडला दीडपट देतात. मी एकदा दिलेत म्हणून सांगतोय.

रंग ठरवायला अडचण नव्हती. डेलावेअर अँड हडसन. ही रेल्वे स्केनेक्टडीच्याच भागातली, अल्कोचं पक्कं गिऱ्हाईक, निळा आणि करडा रंग आणि मधून पिवळी वीज गेल्यासारखा पट्टा. नंबर ठरवायला मात्र आठ दिवस लागले. तुम्ही हसाल, पण एकाच रंगातल्या तीन नंबरांत फरक असतात, जुने फोटो शोधायचे, हॉर्न कुठे आहे, कुठल्या वर्षी काय बदललं. आठ दिवस रात्री हेच. शेवटी ज्या नंबरचा फोटो बर्फात उभा असलेला, तोंडाला काजळी लागलेला सापडला तो घेतला. कारण एवढंच.

मग मागवायचं कसं हा प्रश्न. २०२२ मध्ये एक इंजिन मी थेट कुरियरने मागवलं होतं आणि त्याची सांगता फार वाईट झाली. पार्सल मुंबईत येऊन तीन आठवडे अडकलं, कारण कागदावर ते खेळणं. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० टक्क्यांवरून ६० केली होती, वर आयजीएसटी, वर कुरियरवाल्याचे हँडलिंग चार्जेस. त्यात आणि बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) सर्टिफिकेट कुठंय म्हणून विचारणा, कारण जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचं. आता तो नियम १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आहे आणि माझ्या डब्यावर ढळढळीत १४+ छापलेलं, मी डब्याचा फोटो, माझं आधार, पॅन, सगळं पाठवलं, फोनवरच्या मुलीला म्हणलं अहो मॅडम मी ४४ वर्षांचा आहे, हे मीच खेळणारे. ती हसली पण पार्सल काही हललं नाही. शेवटी सुटलं तेव्हा इंजिनाच्या किमतीएवढेच वर गेले होते. २०२३ च्या बजेटमध्ये ड्युटी ७० टक्के झाली, तेव्हा कुरियर हा विषय मी माझ्यापुरता संपवला.

उपाय आपला नेहमीचाच, नातेवाईक. भाचा न्यू जर्सीला. दुकान अमेरिकेतलं, पत्ता त्याचा, पैसे माझे. अमेरिकेतली बरीच दुकानं प्रीऑर्डरला पैसे घेत नाहीत, कार्ड नोंदवून ठेवायचं, माल आला की पैसे कापतात. बॅगेतून आणताना तेव्हा ५० हजारांपर्यंतचं सामान ड्युटीशिवाय चालायचं, म्हणजे एक इंजिन आरामात. भाच्याला विचारलं तर म्हणाला, मामा आणतो, पण मागच्या वेळेसारखे सहा डबे नकोत, आईची चकली राहिली होती न्यायची तेव्हा. कबूल केलं.

ऑर्डर झाली, तारीख होती २०२४ ची अखेर. आता वाट बघायची.

वाट बघण्याचेही टप्पे असतात. आधी कॉम्प्युटरवरची ड्रॉइंग येतात, मग टूलिंग म्हणजे स्टीलचे साचे, मग पहिल्या साच्यातून काढलेलं बिनरंगाचं सँपल, मग रंगाचं सँपल, मग प्रॉडक्शन, मग जहाज. प्रत्येक टप्प्याला फोटो येतात आणि प्रत्येक फोटोवर दोन महिने काढायचे असतात.

ऑगस्ट २०२४ ला बिनरंगाच्या सँपलचे फोटो आले. काळं-राखाडी प्लास्टिक, वरच्या जाळ्या एवढ्या बारीक की आरपार दिसतंय. मी खूश. मोबाइल घेऊन नानांकडे गेलो, नाना आता ७८ चे, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यांनी फोटो मोठा केला, चष्मा वर सरकवला, परत खाली केला आणि म्हणाले,

"मागची बोगी उलटी बसवलीय रे."

म्हणलं नाना, अमेरिकन कंपनी आहे, ते लेझरने मोजतात.

"मोजू दे की. बसवणारा माणूस असतो. लहान गाळा बघ कुठे आलाय."

घरी येऊन खऱ्या इंजिनाच्या बाजूने काढलेल्या फोटोशेजारी तो फोटो लावला. खरंच उलटी. मी ड्रॉइंगपासून सगळे फोटो पाठ केलेला माणूस, बोगी आधी बघतो म्हणून वर मिरवून झालंय, आणि मला दिसलं नाही कारण मी वरच्या जाळ्यांवर भाळलेलो. कंपनीला मेल लिहिला, दोन्ही फोटो जोडले, लाल गोल काढला. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर, धन्यवाद, हे फक्त जोडणीतलं आहे, प्रॉडक्शनला नीट असेल. नानांना सांगितलं तर ते म्हणाले, ओव्हरटाइम मिळेल का विचार.

पुढचं पटापट सांगतो कारण पुढे काही घडलंच नाही. २०२४ ची अखेर गेली, नवीन तारीख २०२५ चा उन्हाळा. मग एप्रिल २०२५, अमेरिकेने चिनी मालावरचं टॅरिफ, म्हणजे आयात कर, वाढवत नेलं, बघता बघता १४५ टक्क्यांवर गेलं. आमच्या मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर शोककळा. कारण ही इंजिनं जवळपास सगळी चीनमध्येच बनतात, आणि दीड वर्षापूर्वी ठरलेल्या किमतीला अर्थ उरला नाही. मे महिन्यात ते ३० वर उतरलं पण तोवर मेल आलेला, किंमत २९० डॉलरवरून ३४० होतेय, नको असेल तर अमुक तारखेपर्यंत कॅन्सल करा.

इथे मी खरंच थांबलो. ५० डॉलर म्हणजे चार हजाराच्या वर. इंजिनाचे आधीच पंचवीस हजार धरलेले, ते तिशीकडे गेले. आणि दीड वर्ष झालं की ज्या उत्साहात ऑर्डर केली तो उत्साह शिल्लक नसतो, हे कोणी बोलत नाही. मी मधल्या काळात अजून दोन इंजिनं नोंदवून ठेवली होती, ती मला आठवतसुद्धा नव्हती, यादी काढली तेव्हा कळलं. एक जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीचं, ज्याच्याशी माझा काडीचा संबंध नाही, फक्त रंग आवडला म्हणून. ती दोन्ही त्याच रात्री कॅन्सल केली. सी-६२८ ठेवलं. बायकोला आकडा सांगताना डॉलरमध्ये सांगितला, तिने रुपयात केला, तिला गणित चांगलं येतं.

सप्टेंबर २०२५, माल गोदामात पोचला म्हणून मेल. आणि लगेच पाठोपाठ दुसरा मेल, पेमेंट फेल, सात दिवसांत भरा नाहीतर नंबर दुसऱ्याला जाईल. झालं काय तर मधल्या दोन वर्षांत माझं कार्ड एक्स्पायर होऊन नवीन आलेलं. मी नवीन नंबर दुकानात टाकून ठेवला होता, हुशारीने. पण नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियम, आपण ॲपमध्ये जाऊन चालू करायचे. मी स्वतः बँकेत काम करतो हो. रोज काउंटरवर लोकांना हेच सांगतो, काका ॲपमध्ये जा, इंटरनॅशनल ऑन करा. ऑन केलं, परत फेल, कारण बिलाचा पत्ता डोंबिवली आणि माल न्यू जर्सीला, दुकानाच्या सिस्टीमला संशय. सहाव्या दिवशी भाच्याने स्वतःच्या कार्डाने भरले आणि मी त्याच्या आईला, म्हणजे ताईला, जीपेवर पाठवले. हे आधीच केलं असतं तर.

डिसेंबरमध्ये भाचा आला. ताईकडे गेलो, जेवण वगैरे सगळं रीतसर झालं, मी डब्याबद्दल विचारायचं नाही असं ठरवून गेलो होतो, वरणभातावरच विचारलं.

घरी आल्यावर डबा उघडायची पण एक पद्धत आहे. टेबलावर जुना टॉवेल, हात धुतलेले, पंखा बंद, कारण एखादा सुटा भाग उडाला तर गेला. रेलिंगला कधीच धरायचं नाही, इंजिन खालून टाकीजवळ धरायचं. आधी प्लास्टिकच्या घडीतच सगळ्या बाजूंनी बघायचं आणि फोटो काढायचे, काही तुटलेलं असेल तर पुरावा. आधी बोगी बघितली. बरोबर. मागची पण. विजेचा पट्टा बरोबर, नंबर बरोबर, खिडक्यांची रबरं रंगवलेली, छतावरचा पंखा जाळीतून दिसतोय. पुढच्या कप्लरशेजारचा (डबे जोडायच्या आकड्याशेजारचा) एक ब्रेक होस, म्हणजे ब्रेकची नळी, मात्र नाही. डबा झटकला, फोम चिमटीने चाचपला, टॉवेल झटकला, भाच्याला फोन करून बॅगेत बघायला लावलं. नाहीच.

मग रुळावर ठेवलं. डिकोडर, म्हणजे इंजिनातली कंट्रोलरचं ऐकणारी चिप, नवीन आला की त्याचा पत्ता ३ असतो, कंट्रोलरवर ३ टाकायचं, इंजिन चालू करायचं बटण ८. दाबलं. आधी पंपाची बारीक घरघर, मग दोन-तीन आचके, आणि मग ती धग-धग-धग. खोबऱ्याच्या तुकड्याएवढा स्पीकर. मी नॉच वाढवला, इंजिन सुटलं, सरळ रुळावर देखणं गेलं, वळणावर आलं आणि पुढची बोगी टप्पकन खाली. उचलून ठेवलं, परत खाली. मग सूचनापत्रक वाचलं, जे आधी वाचायचं असतं. किमान वळण २२ इंच त्रिज्येचं. माझं १८. माझी आधीची सगळी चार धुऱ्यांची इंजिनं, ती १८ वर मस्त पळतात, आणि मी दोन वर्षं सहा धुऱ्यांच्या इंजिनाची बोगी भिंगाखाली बघत होतो पण ती वळणार कशी हा विचार एकदाही केला नाही. डब्ल्यूडीएम-२ असती तर १९-२० सेंटिमीटरची झाली असती, तिला कदाचित जमलंही असतं, ही २४ ची.

दुसऱ्या दिवशी रविवारी नानांना घेऊन आलो. जिने चढायला दहा मिनिटं लागली. बसले, पाणी प्यायले, इंजिन हातात दिलं तर त्यांनी पहिल्यांदा उलटं केलं. गिअरचा खोका, चाकं, सगळं बघितलं. मग रुळावर ठेवून फक्त आयडलला चालू केलं, सरळ तुकड्यावर. नाना मान एका बाजूला करून ऐकत राहिले, बराच वेळ.

"नुकतंच ओव्हरहॉल झालेलं आहे हे," म्हणाले.

म्हणजे?

"फार सरळ चालतंय. आमचं एखादं असं चाललं की आम्ही म्हणायचो, थांब, आठवड्यात येईल परत." मग नॉच वाढवायला सांगितला आणि टर्बोची शिटी आल्यावर बोट वर केलं. "हां. ही बरोबर आहे. ही तशीच."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, आवाज कमी करा, खालच्या वहिनी विचारतील मिक्सर बिघडला का.

सध्याची परिस्थिती अशी. ब्रेक होससाठी कंपनीला मेल केला, त्यांनी लगेच कबूल केलं, फुकट पाठवतो म्हणाले, पाठवलाही, तो न्यू जर्सीला भाच्याच्या ड्रॉवरमध्ये आहे. पलंगाखालचे रूळ उखडले आहेत, नवीन वळण २४ इंचाचं करायचं म्हणजे फळी पलंगाच्या बाहेर येते, त्यामुळे ती भिंतीला कब्जे लावून उचलायची करावी लागणार, सुताराला बोलावलंय, तो तीन रविवार येतोय-येतोय करतोय. इंजिन कपाटात वरच्या कप्प्यात, डब्यात दोन सिलिका जेलच्या पुड्या टाकून, पावसाळ्याआधी त्या बदलायच्या आहेत कारण आमच्याकडे जुलैत चपलांनाही बुरशी येते. दर रविवारी काढतो, सरळ तुकड्यावर तीन फूट पुढे, तीन फूट मागे.

नवीन वळणाला फ्लेक्स ट्रॅक, म्हणजे वाकवता येणारा रूळ, लागेल. भाच्याला सांगितलं पुढच्या वेळी बारा तुकडे घेऊन ये. काल त्याचा मेसेज आला, मामा, एक तुकडा तीन फुटांचा असतो, माझी बॅग अडीच फुटांची आहे.